शनिवारची व्हॅन बंद का होते? अमेरिकेत ज्येष्ठ, अपंग आणि कमी उत्पन्नवाल्यांच्या बससेवेचा पैसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सासरे ७८ वर्षांचे, मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस, दिवसा घरी गाडी चालवणारं कोणी नाही, आणि इथल्या काउंटीच्या व्हॅनने अचानक शनिवार बंद केला, कारण विचारलं तर म्हणे बजेट नाही. मग अमेरिकेचं फेडरल सरकार ज्येष्ठ आणि अपंगांच्या वाहतुकीला पैसा देतं तो जातो कुठे, आणि आपल्याला यात काही करता येतं का. मी बरीच वर्षं ट्रान्झिटच्या म्हणजे सार्वजनिक वाहतुकीच्या ग्रँटच्या बाजूला काम करतेय, अर्ज लिहायचे, मॅच (फेडरल पैशाला जोडून बाकीच्यांनी घालायचा हिस्सा) जुळवायची, ऑडिटला उत्तरं द्यायची, तेव्हा जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला काउंटीत जाऊन बोलायचं असेल तर आतली रचना माहीत असलेली बरी.

मुख्य गोष्ट आधी सांगते. पैसा आहे, पण तो गाडी घ्यायला मिळतो, गाडी चालवायला मिळता मिळत नाही. शनिवारी तुमच्या काउंटीच्या यार्डात व्हॅन उभी असणार, लिफ्ट चालू, टायर नीट, इन्शुरन्स भरलेला. ड्रायव्हरचा आणि फेऱ्या लावणाऱ्या डिस्पॅचरचा शनिवारचा पगार कुठल्या खात्यातून द्यायचा, एवढाच प्रश्न अडलेला असतो.

ज्येष्ठ आणि अपंगांसाठीचा जो खास फेडरल ग्रँट आहे त्याला आम्ही सगळे नुसतं ५३१० म्हणतो, कायद्यातलं कलम. १९७० च्या दशकात सुरू झाला, तेव्हा मुख्यतः ज्येष्ठ-अपंगांसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थांना व्हॅन घेऊन द्यायला. आता त्याची वाटणी अशी, की ६० टक्के रक्कम दोन लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरी भागांना, २० टक्के पन्नास हजार ते दोन लाखवाल्यांना आणि २० टक्के त्याहून लहान गावांना. २०२२ च्या आर्थिक वर्षात अख्ख्या देशासाठी ही रक्कम साधारण ४२ कोटी डॉलर होती. २०२० च्या जनगणनेत ६५ च्या वरचे लोक साडेपाच कोटींहून जास्त होते, म्हणजे माणशी वर्षाला आठ डॉलरसुद्धा पडत नाहीत, आणि यात त्याहून तरुण अपंग लोक मोजलेलेच नाहीत. हा आकडा मी मीटिंगमध्ये मुद्दाम सांगते, कारण "फेडरल पैसा येतोच की" हे वाक्य काउंटीच्या लोकांच्या तोंडी फार असतं.

त्यातही अट अशी की किमान ५५ टक्के रक्कम व्हॅन, लिफ्ट, डिस्पॅचचं सॉफ्टवेअर, कंत्राटी सेवा, लोकांना योग्य गाडी जुळवून देणारा मोबिलिटी मॅनेजर असल्या कॅपिटल धरलेल्या कामांवर जायला हवी. कॅपिटलला फेडरल हिस्सा ८० टक्क्यांपर्यंत, ऑपरेटिंगला म्हणजे ड्रायव्हर-इंधन-डिस्पॅचला फक्त ५० टक्क्यांपर्यंत. समजा लिफ्टवाली व्हॅन एक लाख डॉलरला पडली. ८० हजार वरून आले, २० हजार काउंटीने घातले, तेही एकदाच. रिबन कापली, फोटो आला. आता तीच व्हॅन आठवडाभर चालवायचा खर्च वर्षाला एक लाख धरा. निम्मे वरून मागता येतात, तेही त्या वर्षी अर्ज मंजूर झाला तर, म्हणजे पन्नास हजार काउंटीने दरवर्षी शोधायचे. व्हॅन पाच वर्षं टिकली तर घेताना २० हजार आणि चालवताना अडीच लाख. तिकिटाचे पैसे मॅच म्हणून दाखवता येत नाहीत, ते आधी खर्चातून वजा करावे लागतात आणि उरलेल्या खर्चावर निम्मे मिळतात. त्यामुळे काउंटी व्हॅन मागते आणि तास कापते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की नवीन गाड्या घ्यायला यांच्याकडे पैसे आहेत मग माझा शनिवार का बंद केला.

कोविडच्या काळात हे उलटं झालं होतं. २०२० च्या केअर्स कायद्यात ट्रान्झिटला २५ अब्ज डॉलर आले, शंभर टक्के फेडरल, मॅच नाही, आणि पगाराला वापरायची मोकळीक. नंतरच्या दोन कायद्यांतून आणखी आले, सगळे मिळून ६९ अब्जांच्या पुढे. प्रवासी घटले होते तरी व्हॅन चालू राहिल्या त्या या पैशामुळे. तो एकदाच येणारा पैसा होता आणि तो संपल्यावर ठिकठिकाणी शनिवार-रविवार आणि संध्याकाळच्या फेऱ्या कापल्या गेल्या. तुमच्या काउंटीचं बजेट मी पाहिलेलं नाही, पण कारण बहुतेक इथेच सापडेल, मागच्या चार-पाच वर्षांच्या बजेटची ऑपरेटिंगची ओळ मागून बघा, ती सार्वजनिक असते.

आणि मुळात हा सगळा पैसा येतो कुठून तर बराचसा पेट्रोलच्या करातून. फेडरल गॅस टॅक्स गॅलनला १८.४ सेंट, त्यातले २.८६ सेंट ट्रान्झिटच्या खात्यात. हा दर १९९३ पासून तसाच आहे. तेव्हापासून ड्रायव्हरचे पगार, इन्शुरन्स, गाड्यांच्या किमती सगळं वाढलं, गाड्या कमी पेट्रोल खायला लागल्या, इलेक्ट्रिक गाड्या तर हा कर भरतच नाहीत, त्यामुळे २००८ पासून काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद सर्वसाधारण तिजोरीतून यात भर घालत आलीय. सध्याचा २०२१ चा इन्फ्रास्ट्रक्चर कायदा सप्टेंबर २०२६ अखेरपर्यंतचा.

आता तुमच्या केसमधला कळीचा प्रश्न, ही व्हॅन नक्की कुठली? एडीएची पॅराट्रान्झिट (साधी बस वापरता न येणाऱ्या अपंगांसाठी फोन करून बोलवायची गाडी) आहे की काउंटीची ज्येष्ठांसाठीची व्हॅन? दोन्ही दिसायला सारख्या, कित्येकदा गाडी आणि ड्रायव्हरही तेच, पण हक्काच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक.

एडीए म्हणजे १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा. त्याच्या मागे रस्त्यावरची लढाई आहे. १९७८ च्या जुलैत डेन्वरमध्ये १९ अपंग माणसांनी भर चौकात बस अडवल्या, व्हीलचेअर सोडून रस्त्यावर झोपले, रात्रभर हटले नाहीत, कारण बसला लिफ्टच नव्हती. त्या चळवळीतून पुढे बारा वर्षांनी कायदा आला, की सगळ्या नवीन बस लिफ्ट किंवा रॅम्पवाल्या हव्यात, आणि जो अपंगत्वामुळे साधी बस वापरूच शकत नाही त्याच्यासाठी एजन्सीने पॅराट्रान्झिट चालवलीच पाहिजे. बसच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैल, बस चालते त्याच दिवशी आणि त्याच वेळात, आदल्या दिवशी फोन केला तरी गाडी मिळायला हवी, मागितलेल्या वेळेच्या तासभर अलीकडे-पलीकडे घासाघीस चालते, आणि भाडं साध्या बसच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. सोबत मदतीला येणारा माणूस फुकट. कशासाठी चाललात यावरून कमी-जास्त महत्त्व देता येत नाही, डायलिसिस असो की सिनेमा.

हक्क भक्कम आहे, पण त्याच्याबरोबर वेगळा पैसा आला नाही. शहरी एजन्सीला आपल्या नेहमीच्या फेडरल फॉर्म्युल्यातला (सूत्राने वाटल्या जाणाऱ्या पैशातला) ठरावीक टक्का पॅराट्रान्झिटला वळवता येतो, बाकी स्थानिक करातून. अनेक ठिकाणी पॅराट्रान्झिटच्या एका फेरीचा खर्च पन्नास डॉलरच्या वर जातो आणि प्रवासी देतो तीन-चार. शिवाय मोठ्या शहरी भागांना १९९८ पासून फेडरल फॉर्म्युल्यातून ऑपरेटिंगचा पैसा साधारणपणे बंदच आहे, काही लहान एजन्सींना सवलत सोडली तर.

इथे एक मेख आहे जी मला फार टोचते. पॅराट्रान्झिट साध्या बसला बांधलेली आहे. शनिवारची बस ४२ नंबर बंद केली की तिच्या आजूबाजूच्या पाऊण मैलातली शनिवारची पॅराट्रान्झिटची सक्तीही संपली, नवीन निर्णय न घेता. बस कापायची जाहीर सुनावणी होते तेव्हा व्हॅनवाले लोक येतच नाहीत, कारण त्यांना वाटतं आपण कुठे त्या बसने जातो. तुमच्या भागात शनिवारची बस याच सुमाराला बंद झालीय का, हे आधी तपासा. तसं असेल तर तुमची मागणी "बस परत आणा" अशी हवी, व्हॅन आपोआप मागे येते. आणि बस चालू आहे पण पॅराट्रान्झिट बंद केली असेल तर ते सरळ कायद्याचं उल्लंघन आहे, एजन्सीच्या एडीए कोऑर्डिनेटरला लेखी तक्रार करा, तिथे दाद नाही लागली तर फेडरल ट्रान्झिट खात्याच्या सिव्हिल राइट्स विभागाकडे.

ही काउंटीची ज्येष्ठांची व्हॅन असेल तर मात्र ती कायद्याने सक्तीची नाही. ती ५३१०, ज्येष्ठांसाठीचा १९६५ चा ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट, राज्याचा थोडा पैसा आणि काउंटीची मर्जी यावर चालते. तेव्हा सासऱ्यांचा एडीएचा अर्ज वेगळा करून ठेवा. ७८ वय आहे किंवा किडनीचा आजार आहे एवढ्यावर पात्रता मिळत नाही, साधी बस वापरता येते का हे बघतात. सशर्त पात्रताही असते, डायलिसिसच्या पेशंटला जाताना बस जमते पण येताना नाही, तर परतीच्या फेरीपुरती मंजुरी, हे सर्रास होतं. अर्जात आणि मुलाखतीत नेमकं सांगायचं, की सुई काढल्यावर चक्कर येते, बीपी पडतं, स्टॉपवर वीस मिनिटं उभं राहवत नाही, स्टॉपपर्यंतच्या रस्त्याला फुटपाथ नाही. आपल्या वडीलधाऱ्यांची सवय असते, मुलाखतीत कोणी विचारलं की ताठ बसून "मी अगदी ठणठणीत आहे" सांगायचं. आधी समजावून न्या. २१ दिवसांत निर्णय आला नाही तर निर्णय येईपर्यंत सेवा द्यावी लागते, आणि नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यावर अपील आहे.

मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचं सांगते, कारण डायलिसिस म्हटलं की यात पैशाचा खरा झरा तिथे आहे. मेडिकेड असलेल्या माणसाला डॉक्टरकडे नेण्या-आणण्याची सोय करणं राज्याला बंधनकारक आहे, २०२० च्या शेवटी ते काँग्रेसने कायद्यातही लिहून घेतलं. बऱ्याच राज्यांत हे काम राज्याच्या वतीने गाड्या ठरवून देणाऱ्या ब्रोकर कंपन्यांकडे असतं. ब्रोकरला पेशंटमागे ठरलेली रक्कम मिळत असेल तर सगळ्यात स्वस्त गाडी कुठली, तर एडीएची व्हॅन, कारण तिचं भाडं कायद्याने बांधलेलं. चार डॉलरचं तिकीट काढून द्यायचं, उरलेला सगळा खर्च एजन्सीच्या अंगावर. म्हणजे मेडिकेडचा पैसा ज्या फेरीला लागायला हवा ती फेरी शहराच्या बसच्या करातून होते आणि शनिवार कापायची वेळ येते. नियमात याला तोड आहे, संस्थेने ठरवून पाठवलेल्या फेऱ्यांना एजन्सी दुप्पट भाड्याहून जास्त दर करार करून लावू शकते. पण करार करायला बसावं लागतं, आणि लहान एजन्सीत त्यासाठी माणूसच नसतो. ५३१० मध्ये हा करारातून आलेला पैसा मॅच म्हणून धरता येतो, वाहतूक खात्याबाहेरचा इतर काही फेडरल पैसाही धरता येतो, हे मात्र काउंटीच्या भल्याभल्या लोकांना माहीत नसतं. मी जिथे शक्य तिथे आधी हेच विचारते, की डायलिसिस सेंटरवर तुमच्या किती फेऱ्या जातात आणि त्यातल्या किती मेडिकेडच्या.

सासऱ्यांना मेडिकेड नसेल, फक्त मेडिकेअर (मुख्यतः ६५ च्या वरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) असेल, तर साधं मेडिकेअर असल्या व्हॅनचे पैसे देत नाही, अँब्युलन्स वैद्यकीय गरज असेल तरच. खासगी कंपन्यांमार्फत घेतलेल्या काही मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज प्लॅनमध्ये वर्षाला ठरावीक फेऱ्या असतात, कार्डामागच्या नंबरवर फोन करून विचारा. आणि ६५ च्या वरच्यांना साध्या बसमध्ये गर्दीची वेळ सोडून अर्धं भाडं ही फेडरल पैसे घेणाऱ्या शहरी एजन्सींवर १९७४ पासूनची अट आहे, मेडिकेअर कार्ड दाखवलं तरी चालतं.

राज्यांचे मार्ग तऱ्हेतऱ्हेचे आहेत. पेनसिल्व्हेनियात लॉटरीचा पैसा ज्येष्ठांच्या प्रवासाला जातो, साधी बस फुकट, आणि दारापासून नेणाऱ्या शेअर्ड राइडच्या भाड्यातले ८५ टक्के लॉटरी भरते. न्यू जर्सीने १९८० च्या दशकात कसिनोच्या करातला वाटा काउंट्यांच्या ज्येष्ठ-अपंग वाहतुकीला बांधून दिला, छान चालू होतं, मग शेजारच्या राज्यांत कसिनो उघडले, अटलांटिक सिटीची कमाई घसरली आणि काउंट्यांच्या व्हॅनचे पैसेही घसरले. खात्रीचा पैसा म्हणून एकाच कराला बांधून घेणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. इलिनॉयने २००८ मध्ये सरसकट सगळ्या ज्येष्ठांना फुकट प्रवास दिला आणि २०११ मध्ये तो कमी उत्पन्नवाल्यांपुरता आणला. माझं मत स्पष्ट आहे, सरसकट फुकट करण्याआधी फेऱ्या वाढवा. शनिवारी गाडीच नसेल तर फुकट तिकिटाचं करायचं काय.

कमी उत्पन्नवाल्यांचं वेगळं दुखणं आहे. त्यांच्यासाठी अर्ध्या भाड्याची फेडरल सक्ती नाहीच. कामावर जाण्यासाठीचा एक वेगळा ग्रँट १९९८ पासून होता, तो २०१२ मध्ये बंद करून मोठ्या ग्रँटमध्ये मिसळला, आणि मिसळला की तो पैसा त्याच कामाला जाईल याची खात्री राहत नाही. म्हणून शहरांनी आपापलं सुरू केलं. सिएटलच्या किंग काउंटीने २०१५ मध्ये ऑर्का लिफ्ट नावाची भाडेसवलत, न्यूयॉर्कने २०१९ मध्ये फेअर फेअर्स नावाची तशीच सवलत, बॉस्टनने २०२४ मध्ये उत्पन्नावर अर्धं भाडं. यातली मोठी अडचण म्हणजे अर्ज करायला लावणं, पात्र लोक नोंदच करत नाहीत. फूड स्टॅम्प (सरकारी अन्नमदत) किंवा मेडिकेडचं कार्ड आहे ना, मग तेच पुरावा धरा आणि तिथल्याच खिडकीवर पास द्या, हे जिथे केलं तिथे नोंदणी सोपी झाली. आणि महिन्याचा पास एकरकमी परवडत नाही म्हणून गरीब माणूस रोज सुटं तिकीट काढतो आणि महिन्याच्या शेवटी पासवाल्यापेक्षा जास्त भरतो, त्यावर भाड्याला कमाल मर्यादा लावणं हा चांगला उपाय आहे, मर्यादा गाठली की पुढचा प्रवास मोफत.

तुम्ही करायचं काय, तर ५३१० चा पैसा मागायचा असेल तर तुमची गरज एका आराखड्यात लिहिलेली असावी लागते, स्थानिक समन्वित वाहतूक योजना म्हणतात, तो बनवताना ज्येष्ठ, अपंग आणि संस्था यांना बोलावणं बंधनकारक आहे. "शनिवारी डायलिसिसला गाडी नाही" ही ओळ त्यात नसेल तर शनिवारच्या अर्जाला आधारच नाही. तुमच्या भागातल्या महानगर नियोजन संस्थेच्या साइटवर तो आराखडा मिळेल, पुढचा बदल कधी आहे ते विचारा आणि लेखी सूचना द्या. डायलिसिस सेंटरच्या सोशल वर्करला बरोबर घ्या, शनिवारी येणाऱ्या पेशंटपैकी किती जणांना गाडी नाही हा आकडा नावांशिवाय त्या देऊ शकतात, आणि काउंटीच्या बैठकीत एका कुटुंबाच्या तक्रारीपेक्षा त्या आकड्याचं वजन जास्त.

तुमच्या मराठी मंडळात निवृत्त, गाडी चालवणारी माणसं असतील तर तेही बघण्यासारखं आहे. ५३१० मधून स्वयंसेवक ड्रायव्हरना मैलाचा खर्च देता येतो, आणि त्यांनी दिलेल्या तासांची नीट नोंद ठेवली तर त्या तासांचं मूल्य मॅचमध्ये धरता येतं. एखादी नोंदणीकृत ना-नफा संस्था अर्जदार हवी, इन्शुरन्स आणि ड्रायव्हरची तपासणी तिने सांभाळायची. व्हीलचेअर लागत नसेल तर डायलिसिसला हे फार चांगलं जमतं, कारण परतीची वेळ पुढे-मागे झाली तरी ओळखीचा माणूस थांबतो.

हे सगळं उभं राहायला महिने जातात, शनिवार दर आठवड्याला येतो, तेव्हा उद्याच दोन फोन करा. एक डायलिसिस सेंटरला, सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या पाळीत जागा आहे का, नसेल तर वेटिंगला नाव घाला. दुसरा तुमच्या भागातल्या एरिया एजन्सी ऑन एजिंगला, म्हणजे ज्येष्ठांच्या सेवा बघणाऱ्या स्थानिक संस्थेला, त्यांच्याकडे ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्टच्या पैशातून टॅक्सीची व्हाउचर असतात का विचारा. तिथे उत्पन्न विचारून नाकारत नाहीत आणि तिकीटही नसतं, ऐच्छिक देणगी असते. बस बंद झाली की नाही आणि व्हॅन कोणत्या पैशावर चालते ते कळलं की इथेच लिहा, त्यावर पत्रात काय लिहायचं ते सांगते.